अकर्मक नदी

माझ्या दुसऱ्या कादंबरीचे पहिले वाक्य असे आहे : “त्या साली नदी आटली.” चार शब्दांच्या या वाक्याचे परीक्षणांतून बरेच कौतुक झाले. एका परीक्षणकर्त्याने त्यातल्या संयमाची वाखाणणी केली. दुसऱ्याला त्यात नियतीची पावले ऐकू आली. मलाही ते वाक्य आवडत असे. कादंबरी लातूरच्या २०१६ सालच्या पाणीटंचाईवर आहे, आणि त्या उन्हाळ्यात मी स्वतः घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहिलेली असल्यामुळे असे वाक्य लिहिण्याचा हक्क आपल्याला आहे, असे मी समजून चालले होते.

मी शाळेत चित्रकला शिकवते. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, म्हणजे आजची दहावी, आणि त्यावर चित्रकलेची पदविका. तेव्हा समीक्षा लिहिण्याचा अधिकार हिला कोणी दिला, असे कोणी विचारील. त्याला माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे, की माझी निम्मी नोकरी नांदेड जिल्ह्यात झाली. आणि नांदेड हे कुरुंदकर गुरुजींचे गाव. शाळामास्तराने वाङ्मयाविषयी बोलू नये असे तिथे तरी कोणी मानीत नाही.

गेल्या वर्षी मराठीचे सर रजेवर गेले आणि आठवीचा व्याकरणाचा तास माझ्याकडे आला. सकर्मक आणि अकर्मक क्रियापदे शिकवायची होती. मी फळ्यावर लिहिले, ‘आईने दूध आटवले’. त्याखाली लिहिले, ‘दूध आटले’. आणि मग, लेखिकेचा अहंकार म्हणा, तिसरे वाक्य स्वतःच्या कादंबरीतले लिहिले, ‘नदी आटली’. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, नदी आटवली असं पण होतं का?” मी म्हटले, व्याकरणाने होते. “मग कर्ता कोण लिहायचा?” वर्ग हसला. मीही हसले, आणि ‘तो लिहायचा नसतो’ असे काहीतरी बोलून पुढच्या उदाहरणाकडे वळले. त्या मुलीने वहीत तसेच लिहून घेतले असणार.

तो तास माझ्या मनातून गेला नाही. घरी येऊन मी आमच्या दुष्काळी वाङ्मयाची, म्हणजे माझ्या कपाटात जेवढे आहे तेवढ्याची, क्रियापदे तपासायला बसले. नदी आटते, सुकते, कोरडी पडते. झरे मरतात. विहिरी तळ गाठतात. पाणी पळते. डोंगर उघडा पडतो. पाऊस दडी मारतो, डोळे वटारतो, हुलकावणी देतो. म्हणजे सबंध गोष्टीत क्रिया करणारा एकटा पाऊस, आणि तोही लहरी. दूध आटवायला आई लागते. नदी मात्र आपली आपण आटते. मराठी दुष्काळी कादंबरीने ही क्रियापदे इतकी वर्षे न तपासता वापरली, आणि त्यांतूनच तिची दृष्टीही ठरून गेली, असे मला वाटू लागले आहे.

दुष्काळ म्हटला की मराठी वाचकाला प्रथम आठवते ती व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). तिचा निवेदक राजाराम विठ्ठल सौंदणीकर हाही मास्तर, त्यामुळे ते पुस्तक मला नेहमी घरचे वाटत आले. माणदेशातली धनगरांची वाडी, तिथली न भरणारी शाळा, मास्तराच्या पुढाकाराने उभी राहिलेली तालीम. आणि मग पाऊस येत नाही. मेंढरे मरू लागतात, माणसे एकेक करून वाट धरतात, गाव ओस पडते, मास्तराची बदली होते. या शेवटाला मराठीत तोड नाही. कुठे आक्रोश नाही, कोणावर आरोप नाही. आणि त्या पुस्तकापुरते ते बरोबरही आहे. पर्जन्यछायेच्या कडेवर मेंढरांच्या आधाराने जगणाऱ्या त्या माणसांच्या हाती दुसरे काही करण्यासारखे नव्हतेच. ज्यांनी नदीला काही केलेले नाही त्यांच्या गोष्टीत नदी किंवा पाऊस अकर्मक असला तर त्यात लेखकाची चूक नाही.

चूक आमची, म्हणजे त्यांच्यामागून आलेल्यांची. माणदेशच्या धनगरवाडीचे आभाळ आम्ही उचलले आणि ज्या गावांत धरण आहे, साखर कारखाना आहे, सहाशे फुटांचे बोअर आहेत, त्या गावांवर नेऊन पसरले. बनगरवाडीचा मास्तर आभाळाकडे पाहतो, कारण पाहायला दुसरे काही नसते. आमचे नायक आभाळाकडे पाहतात, कारण नदीच्या वरच्या अंगाला पाहिले तर आपलेच हात दिसतील.

याच माडगूळकरांनी पुढे ‘नागझिरा’ लिहिले. भंडारा भागातल्या त्या जंगलातल्या मुक्कामाचे हे पुस्तक. तिथे तळे आहे, पाण्यावर येणारी जनावरे आहेत, सावली आहे. एकाच लेखकाने पाणी नसलेले माळरानही पाहिले आणि पाणी राखून असलेले रानही पाहिले, आणि दोन्ही सारख्याच स्वच्छ नजरेने टिपले. परंतु या दोन पुस्तकांच्या मधून जाणारी वाट त्यांनी कुठे दाखवलेली नाही. हे उणे म्हणून सांगत नाही. त्यांचा तो विषय नव्हता. पण पुढे मराठीत हे दोन कप्पे कायमचे वेगळे राहिले हे खरे. एका कप्प्यात दुष्काळ, दुसऱ्यात अरण्य. दुष्काळाच्या पुस्तकात रान नाही आणि रानाच्या पुस्तकात नदीच्या खालच्या अंगाचे गाव नाही.

गो. नी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ (१९५८) घ्या. मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला म्हातारा, त्याची झाडे, त्याची पाखरे. वाचताना मन शांत होते. त्याच राजमाचीच्या डोंगरांत उल्हास नदी उगम पावते आणि खाली कल्याणपर्यंतच्या वस्त्यांना पाणी देते. बुधाच्या माचीवर रान राहिले की गेले याच्याशी त्या खालच्या लोकांचा रोजचा संबंध आहे. कादंबरीला मात्र त्याची गरज भासत नाही, कारण तिच्यातले रान हे थकलेल्या जिवाचे विश्रांतिस्थान आहे. मारुती चितमपल्लींनी जन्मभर जंगलात नोकरी केली. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा मराठीतला एक अख्खा शब्दकोश गेला असे वाटले. रानाची नावे त्यांच्याइतकी कोणी दिली नाहीत. तरी त्यांच्या वाचकांनी, म्हणजे आम्ही, त्यांच्याकडून घेतले ते पक्षी, झाडे आणि एकांत. अरण्याकडे आम्ही देवळात जावे तसे गेलो. देवळातून तीर्थ घेऊन बाहेर पडतात. ते कुठून आले हे कोणी विचारीत नाही.

मला हे सुचण्याचे कारण मोठे वाचन नव्हे, बदली. आमच्या संस्थेची एक शाळा किनवटच्या बाजूला आहे. तिथे मी पाच वर्षे होते. मराठवाड्यात जंगल म्हणण्यासारखे जे काही उरले आहे ते मुख्यतः नांदेड जिल्ह्याच्या या कोपऱ्यात, पैनगंगेच्या अंगाला, किनवट आणि माहूरकडे. सागाचे रान, उन्हाळ्यात पाने झडून अगदी भिकेला लागल्यासारखे दिसणारे. लातूरच्या माणसाला तेही नंदनवन वाटते, कारण लातूर जिल्ह्यात जंगल शेकडा एक टक्काही नाही. शाळेच्या दोन बाजूंना दोन नाले होते. एकाच्या वरचे रान बऱ्यापैकी शाबूत. दुसऱ्याच्या वरचे तोडलेले, चरलेले, दरसाल जळणारे. पाऊस दोघांवर सारखाच. पहिला नाला होळीपर्यंत वाहत असे. दुसरा पावसात तांबडा लोंढा आणून दिवाळीला गप्प होई. पाच वर्षे मी हे दोन नाले रोज पाहिले आणि त्यांवर एक ओळ लिहिली नाही; निसर्गचित्रे काढली.

गोष्ट तशी साधी आहे. आपल्याकडे खाली काळा पाषाण, वर थोडा मुरूम, त्यावर माती. पाषाणात पाणी फारसे मावत नाही. मावते ते मातीत, मुरमात आणि दगडाच्या भेगांत. रानात जमिनीवर पाचोळा असतो, गवत असते, मुळांनी माती सैल केलेली असते. पावसाचा थेंब तिथे आपटत नाही, उतरतो. मुरमात मुरतो आणि महिनोन्महिने पाझरत नाल्याला येतो. पाचोळा जळाला, गुरांच्या खुरांनी माती बडवली गेली, की तोच थेंब मातीला सोबत घेऊन चार तासांत नदीला जातो आणि धरणात गाळ होऊन बसतो. झाड तोडणे हाच एक प्रकार नव्हे. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात; ती आग भडकत नाही, धुमसत पुढे सरकते, दिसायला निरुपद्रवी. पहिल्या पावसात तिचा हिशेब कळतो.

पण हे सांगताना एक भानगड आहे, आणि वृक्षारोपणाच्या कविता ती भानगड लपवतात. शाळेजवळ एक म्हातारा आंध राहत असे. त्याला मी मोठ्या उत्साहाने हे सगळे सांगितले. तो म्हणाला, “बाई, वरचं रान तोडलं तवा दोन-तीन वर्षं नाल्याला पाणी वाढलंच होतं.” मला तेव्हा वाटले, म्हाताऱ्याचा भ्रम. पुढे कळले की त्याचे बरोबर होते. झाड पाणी पिते. मुळांनी ओढून पानांवाटे हवेत सोडते. झाडे गेली की ते पिणे थांबते आणि काही वर्षे नाला अधिक वाहतो. वर्षाचे एकूण पाणी मोजले तर तोडलेल्या रानातून ते जास्तही उतरते. फक्त ते नको तेव्हा उतरते. मग माती जाते, मुरण्याची जागा जाते, आणि पाणी लागते त्या चैत्र-वैशाखात नाला कोरडा. शिक्षा गुन्ह्याच्या मागून लगेच येत नाही. आधी थोडे बक्षीस मिळते. यात कादंबरीला केवढी सामग्री आहे! १९५० पासून आपण वनमहोत्सव साजरा करतो, आणि ‘झाडे लावा, पाऊस येईल’ एवढेच मुलांकडून घोकून घेतो. त्या म्हाताऱ्याची दोन-तीन वर्षे कुठल्या पाठात नाहीत.

आता लातूरकडे येते, कारण खरा प्रश्न तिथे आहे आणि तो माझा आहे. मांजरा नदी बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात निघते. लातूर शहर जे पाणी पिते ते धनेगावच्या मांजरा धरणाचे. २०१४ आणि २०१५ हे दोन पावसाळे लागोपाठ वाईट गेले आणि धरणात चिखल उरला. मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी पाचांहून अधिक माणसांनी जमू नये असा जमावबंदीचा हुकूम निघाला. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली. दहा डबे, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास डब्यांची गाडी येऊ लागली. त्या गाडीवर माझ्या कादंबरीत अकरा पाने आहेत, आणि समीक्षकांनी वाखाणली ती हीच. आज मला त्यांत एक प्रश्न दिसत नाही : गाडीतले पाणी कुणाचे? ते कृष्णेचे होते. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेल्या, सह्याद्रीचा पाऊस, तिथली उरलेली झाडी आणि मग धरणे यांनी धरून ठेवलेल्या नदीचे. एका डोंगराने राखलेले पाणी साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास प्रवास करून दुसऱ्या, उघड्या डोंगराच्या गावाला आले होते. मी इंजिनाची शिट्टी लिहिली, फुलांचे हार लिहिले, म्हातारीने टाकीला केलेला नमस्कार लिहिला. डोंगर लिहिले नाहीत.

याहून वाईट ते पुढे. माझ्या कादंबरीचा नायक कोरडवाहू शेतकरी आहे. तूर आणि ज्वारी पेरतो, आभाळाकडे पाहतो, शेवटी गाव सोडतो. मी तो ज्यांच्यावरून रेखाटला ते माझे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांच्या शेतात तूर होती हे खरे. पण दीड एकर ऊसही होता. उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, आणि लातूरला पाऊस पडतो आठशेच्या घरात. उरलेले कुठून येते हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या उसासाठी बोअर पाडायचा होता आणि हाती पैसे नव्हते. तेव्हा मामांनी बांधावरचे दोन लिंब आणि ओढ्याकडेची बाभळीची रांग लाकूडवाल्याला विकली. त्या साली आमच्या घरी आनंद होता. मुलीच्या शाळेची फी त्याच उसातून गेली. कादंबरी लिहायला बसले तेव्हा मी ऊस काढून टाकला, बोअर काढून टाकला, लिंबही काढून टाकले. का? तर वाचकाला नायकाची कणव यावी म्हणून. दीड एकर ऊस असलेल्या माणसावर मराठी वाचक रडणार नाही, अशी माझी भीती होती. तो वाचक मी कधी पाहिला नव्हता. कौतुक करणारे समीक्षक तेवढे पाहिले होते.

कोणी म्हणेल, एका शेतकऱ्याच्या दोन लिंबांनी का नदी आटते? नाही आटत. मांजरेच्या काठाने असे हजारो बांध आहेत, वर बालाघाटावर उघडी गायराने आहेत, खाली कारखाने आहेत, आणि या साऱ्यांच्या वर पाऊस कमी पडलेला आहे. कारणांची ही गर्दीच कादंबरीकाराला पळवून लावते. सावकार असला की बरे असते. एकच माणूस, वाड्यात राहणारा, वाचकाचा राग झेलायला तयार. आमच्या ग्रामीण कादंबरीला सावकार, पाटील, पुढारी रेखाटता येतात. सगळे मिळून थोडेथोडे करतात ते रेखाटण्याची रीत तिच्याजवळ नाही. दुसरे म्हणजे ती गावाची कादंबरी आहे. शीव हे तिचे बलस्थान. रा. रं. बोराडे आमच्याच लातूर जिल्ह्यातले. त्यांच्या ‘पाचोळा’ने (१९७१) एका घराची घुसमट एका बाईच्या तोंडून अशी सांगितली की त्या घराच्या उंबऱ्याबाहेर जायची गरजच वाटू नये. हा गुण खरा आहे. पण नदीला शीव नसते. मांजरा बीड, धाराशिव, लातूर करीत कर्नाटकात शिरते, पुढे तेलंगणात जाते आणि कंदकुर्तीला गोदावरीला मिळते. ज्या हैदराबादच्या राज्यात आम्ही १९४८ पर्यंत होतो त्या हैदराबाद शहरालाही तिने पाणी पाजले. नांदेडची गोदावरी तर त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवरून येते. वाटेतली धरणे भरली की उरले ते पैठणला, आणि तिथून उरले तर विष्णुपुरीला. अशा नदीवर एका गावात राहून कादंबरी लिहिली तर ती नदी अकर्मकच होणार.

चित्रकलेच्या तासाला मुलांना ‘निसर्गदृश्य’ म्हटले की सगळी एकच चित्र काढतात. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवता सूर्य, आणि त्याच फटीतून निघून खाली रुंद होत येणारी निळी नदी; काठाला झोपडी आणि नारळ. लातूरच्या मुलाने नारळाचे झाड काढावे याचा मला वर्षानुवर्षे राग येत आला आहे. पण आता वाटते, त्या ठोकळेबाज चित्रात एक गोष्ट आमच्या कादंबऱ्यांपेक्षा बरोबर आहे. त्यातली नदी डोंगरातून येते.

मराठीत तहानेला कर्ता देण्याची रीत नाही असे मात्र नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्यावर जे घडले, त्यानंतर ज्यांच्या घरात ती आठवण होती त्यांनी लिहायला घेतले तेव्हा तहान आभाळातून पडलेली नव्हती. दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) पुढची दलित आत्मकथने वाचा, पाणी नाही म्हणजे पाणी आहे आणि कोणीतरी ते घेऊ देत नाही. तिथे क्रियापद सकर्मक आहे. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’तही (१९९१) धरणाचे पाणी आपोआप साठत नाही, कुणाचे तरी घर बुडवून साठते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने (२००२) शेतीच्या दैन्याला कर्ते शोधले. म्हणजे भाषेत बळ आहे. फक्त या तिन्ही ठिकाणी लेखक ज्याच्याविरुद्ध बोलतो तो दुसरा आहे. कर्ता जेव्हा आपणही असतो, तेव्हा आमचे व्याकरण बदलते.

यावर एक आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मीच इतरांवर घेत आले : कादंबरीकाराने पाणलोटाचे शास्त्र का सांगावे? ते सरकारी पत्रकांचे काम. मान्य. जाँ जिओनो या फ्रेंच लेखकाची झाडे लावणाऱ्या माणसाची गोष्ट (१९५३) मराठीतही आली आहे. एक मेंढपाळ एकट्याने वर्षानुवर्षे ओकची बी पेरतो, रान उभे राहते, आणि कोरड्या ओढ्यांना पुन्हा पाणी येते. रान आणि ओढा यांचा सांधा इतक्या सरळ दाखवणारी गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही. लोकांना ती खरी वाटली. तो माणूस काल्पनिक होता हे लेखकाने पुढे १९५७ साली सांगून टाकले. तरी ती मला पुरत नाही. तिच्यातला माणूस एकटा आहे, निष्पाप आहे, आणि त्याला ऊस लावायचा नाही. मला हवा आहे तो दोन लिंब विकणारा माणूस, ज्याच्यावर आपण रागावू आणि ज्याच्या ताटात जेवू.

आणि आता तर आभाळाचाही आधार सुटला आहे. बनगरवाडीच्या आभाळाला कर्ता नव्हता. आजच्या आभाळाला आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की मध्य भारतात मोठ्या टापूवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. म्हणजे कोरडे दिवस लांबतात आणि पाऊस येतो तो कोसळतो. जो डोंगर रिमझिमसुद्धा धरू शकत नाही त्याच्यावर कोसळतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात लेंडीला पूर आला, हसनाळसारख्या गावांत पाणी शिरले, माणसे गेली. त्याच पावसाळ्यात मांजरेनेही पात्र सोडले; जिच्यासाठी नऊ वर्षांपूर्वी रेल्वेने पाणी आणले तीच ही नदी. पाहा, मी पुन्हा लिहिले, ‘पूर आला’. लेखणीचे वळण जात नाही.

या तापलेल्या हवेचा कर्ता फार दूर आहे. कारखान्यांत, मोटारींत, आपण न पाहिलेल्या देशांत, आणि थोडाफार आपल्या दारातही. त्याला कंधार-मुखेडच्या गोष्टीत कसे आणावे हे मला अजून साधलेले नाही. अवघड आहे म्हणून सोडून द्यावे तर गोष्ट पुन्हा नियतीच्या गळ्यात जाते. भाषणे घालावी तर कादंबरी मरते. एवढे मात्र दिसते, की दोन लिंब आणि दूरची धुराडी या दोहोंना एकाच वाक्यात बसवणारे क्रियापद शोधावे लागेल.

या शोधात मी भलतीकडे गेले. स. आ. जोगळेकरांची ‘गाथासप्तशती’ची जुनी मराठी आवृत्ती (१९५६) वाचनालयात मिळाली. आमच्याच पैठणच्या सातवाहन राजाने जमवलेल्या त्या प्राकृत गाथा. त्यांत गोदावरी वारंवार येते. आणि ती पात्र म्हणून नव्हे, काठची दाट झाडी म्हणून येते. प्रेमिकांच्या भेटीची ती जागा. एका प्रसिद्ध गाथेत एक बाई फुले तोडायला येणाऱ्या धार्मिक गृहस्थाला सांगते, की तुला त्रास देणारा कुत्रा आता मेला, गोदेच्या काठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने त्याला मारले. गृहस्थाने पुन्हा तिकडे फिरकू नये एवढाच हेतू. संस्कृत साहित्यशास्त्रज्ञांनी या गाथेवर ध्वनीची सारी चर्चा केली. मला त्यात दिसली ती नदीकाठची जाळी राखण्यासाठी बिनदिक्कत खोटे बोलणारी बाई. तिचा स्वार्थ उघड आहे, ती साधुसंत नाही, आणि तिला झाडी हवी आहे. दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी ही बाई माझ्या नायकापेक्षा अधिक जिवंत वाटली, आणि मला थोडी लाजही वाटली.

प्रकाशकांनी दुसरी आवृत्ती काढायचे ठरवले आहे. ‘काही दुरुस्त्या असल्यास कळवा’ असे त्यांचे पत्र आले. उन्हाळ्यात मी पाटोद्याच्या बाजूला जाऊन बालाघाटाचे डोंगर पाहून आले. दगड, गवताच्या काड्या, शेरडे, आणि एका घळीत गोधडीएवढे पाणी. परत आल्यावर ऊस, बोअर आणि लिंब कादंबरीत परत घालायला बसले. चार प्रकरणे मोडली. नायक पूर्वीइतका भला राहिला नाही. पहिल्या वाक्यापाशी मात्र अडले. पुष्कळ खाडाखोड करून शेवटी लिहिले : “त्या साली आम्ही नदी आटवली.”

हे पान मी मामांना वाचून दाखवले. त्यांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. दिसत कमी, ऐकू नीट येते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “लिंब म्या इकले. तू आम्ही कामून लिहायलीस?”

प्रुफे अजून माझ्या टेबलावर आहेत.